दूध संस्थेच्या बिलांवर एसक्यूएलची परीक्षा : कामाच्या नोंदी

आमचं सांगलीतलं छोटं ऑफिस, माणसं सात. गावोगावच्या दूध संस्थांचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवतो. दर जुलैत दोन-तीन ट्रेनी घेतो. त्यांना एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कितपत येतं ते बघायची परीक्षा नव्याने तयार करायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं. कुणाला असंच काही करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्यांचे वाचावेत, म्हणून या नोंदी. क्वेरीतले (म्हणजे एसक्यूएलमध्ये डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातले) शब्द इथे देवनागरीत लिहिलेत. मशीनवर अर्थातच ते रोमनमध्ये होते.

९ जून २०२५

जुनी परीक्षा म्हणजे ३० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, ४० मिनिटं. प्रश्न कुणी कुठून गोळा केले ते आता कुणालाच आठवत नाही. "प्रायमरी कीमध्ये नल चालतो का" वगैरे. (प्रायमरी की म्हणजे प्रत्येक ओळ ओळखायचा कॉलम, नल म्हणजे न भरलेली जागा.) गेल्या वर्षीच्या एका मुलाला त्यात २७ मिळाले होते. दुसऱ्याच आठवड्यात त्याने कपातीचा रिपोर्ट लिहिला आणि त्यातून ज्यांची जनावरं भाकड होती ते सगळे उत्पादक गायब झाले. दूध नाही, पण पेंडीची पोती उचललेली; ती बाकी रिपोर्टात दिसलीच नाही. संस्थेच्या सचिवांनी फोन करून विचारलं तेव्हा कळलं. साधा जॉइन लावला होता, लेफ्ट जॉइन हवा होता. साधा जॉइन दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच देतो; लेफ्ट जॉइन पहिल्या टेबलातल्या न जुळणाऱ्या ओळीही ठेवतो, त्यांच्यापुढे नल देऊन. मुलाला लेफ्ट जॉइनची व्याख्या तोंडपाठ होती, हे विशेष.

त्यामुळे ठरलं ते असं: पर्याय नकोत. मशीनवर बसवायचं, तीन टेबलं द्यायची, आठ प्रश्न, ७५ मिनिटं, क्वेरी लिहायची. उत्तर प्रोग्राम तपासेल. माझा अंदाज एक आठवडा.

११ जून

टेबलं तीन. उत्पादक (कोड, नाव, बँक शाखा), संकलन (कोड, तारीख-वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) आणि कपात (पावती नंबर, कोड, तारीख, प्रकार, रक्कम). कॉलेजातल्या कर्मचारी-विभाग उदाहरणावर सगळ्यांचे हात बसलेले असतात, म्हणून ते मुद्दाम टाळलं.

डेटाबेसचं इंजिन एसक्यूलाइट. आमचं खरं काम पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालतं, पण एसक्यूलाइटचा सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. पेन ड्राइव्हवर घातला की कुठेही चालतो. या निवडीची किंमत पुढे मोजावी लागली.

आज हौसेने टेबलांची आणि कॉलमांची नावं देवनागरीत दिली. चालतात! अवतरण चिन्हंसुद्धा लागत नाहीत. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला एक क्वेरी लिहायला दिली. 'सिलेक्ट' लिहून कीबोर्ड बदल, 'उत्पादक' लिहून परत बदल, टिंबासाठी परत बदल. तीन ओळींना सहा मिनिटं लागली. सगळी नावं रोमन केली. अर्धा दिवस गेला.

१३ जून

आठ प्रश्न लिहिले, नमुना उत्तरं लिहिली. डेटा हाताने भरला: ४० उत्पादक, जूनची तिन्ही बिलं (१ ते १०, ११ ते २०, २१ ते ३०), सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या.

संध्याकाळी लक्षात आलं की संकलनात कोड ११८ च्या नावावर दूध आहे आणि उत्पादकांमध्ये ११८ नाहीच. फॉरेन की (या टेबलातला कोड त्या टेबलात असायलाच हवा, हा नियम) तर लावली होती! एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की नुसती लिहून भागत नाही. ती तपासायची सेटिंग मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर चालू करावी लागते. हे मला वाचून माहीत होतं. फाइल उघडताना आठवलं नाही.

१७ जून

तपासणीचा प्रोग्राम पायथन भाषेत. उमेदवाराच्या क्वेरीचं उत्तर एकीकडे, फाइलीत साठवलेलं नमुना उत्तर दुसरीकडे. दोन्हींची तुलना 'एक्सेप्ट' लावून दोन्ही बाजूंनी केली: याच्यातून ते वजा, त्याच्यातून हे वजा, दोन्हीकडे काही उरलं नाही तर बरोबर. बारा ओळींत काम झालं म्हणून खूश होते.

दुपारी गंमत म्हणून एक चुकीची क्वेरी दिली, जिच्यात प्रत्येक उत्पादक तीन-तीनदा येत होता. प्रोग्राम म्हणाला, बरोबर. 'एक्सेप्ट' आधी दुबार ओळी काढून टाकतो आणि मग वजाबाकी करतो. म्हणजे जॉइनमधली सगळ्यांत कॉमन चूक, ओळी वाढण्याची, माझ्या प्रोग्रामला दिसतच नव्हती.

मग ओळी पायथनमध्ये आणून, सॉर्ट करून, एकेक जुळवायचं ठरवलं. तेही पडलं, कारण नल आणि अक्षरं यांत लहान-मोठं ठरवता येत नाही म्हणून सॉर्टच एरर देतो. शेवटी कुठली ओळ किती वेळा आली याची मोजणी करून त्या मोजण्या जुळवल्या. दशांश दोन स्थळांपर्यंत. कॉलमांचा क्रम प्रश्नातच सांगून टाकला. बारा ओळींच्या साठ झाल्या, दिवस संपला.

२० जून

ऑफिसातल्या दोघांना पेपर दिला. दोघांनाही आठपैकी आठ. आनंदाने त्यांच्या क्वेऱ्या वाचायला घेतल्या तर एकाने प्रश्न २ ला साधा जॉइन लावलेला. तरी बरोबर! कारण माझ्या डेटात दूध न घालणारा उत्पादक एकही नव्हता. ज्या चुकीपायी हा सगळा उद्योग सुरू केला तीच माझ्या परीक्षेतून सुखरूप पार पडत होती.

इथून कामाची दिशा बदलली. एक वही घेतली आणि प्रत्येक प्रश्नाखाली त्या प्रश्नाला कोण कशी चूक करेल त्या क्वेऱ्या लिहायला सुरुवात केली. आठवतील तितक्या, जुन्या ट्रेनींच्या आणि स्वतःच्यासुद्धा. ३१ झाल्या. सगळ्या प्रोग्रामला दिल्या. १४ बरोबर ठरल्या.

प्रश्न चांगले होते हो. डेटाच फार सज्जन होता.

२४ जून

तीन दिवस फक्त खोडकर ओळी घालायचं काम. हेच खरं काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन उत्पादकांची जनावरं भाकड केली. त्यांना संकलनात ओळच नाही. आता साधा जॉइन लावणारा पडतो. लेफ्ट जॉइन लावून तारखेची अट 'व्हेअर'मध्ये (जोडून झाल्यावर ओळी गाळायच्या जागी) टाकणाराही पडतो, कारण त्या अटीपाशी नल असलेली ओळ गळते. अट 'ऑन'मध्येच, म्हणजे जोडतानाच, हवी. पाळ्या मोजताना 'काउंट'मध्ये कॉलमऐवजी चांदणी टाकणाराही पडतो: चांदणी नल असलेली ओळही मोजते, म्हणून भाकड जनावरवाल्यापुढे शून्याच्या जागी १ येतो.

एकाच नाव-आडनावाचे दोन पाटील घातले. नावावर ग्रुप बाय करणाऱ्याचे (नावाप्रमाणे गट पाडणाऱ्याचे) दोन पाटील एक होतात आणि एकाच्याच खात्यावर दोघांचं दूध जमा होतं.

कपातीत एक ओळ कोडाविना. अशी ओळ खऱ्या संस्थेतही असते. सभासद नसलेल्या कुणी रोखीने पेंडीचं पोतं नेलेलं असतं. प्रश्न ५ आहे 'ज्यांची एकही कपात नाही त्यांची यादी'. बहुतेक जण 'नॉट इन' ('या यादीत नसलेले') लिहितात. आतल्या यादीत एक जरी नल असला तरी 'नॉट इन' एकही ओळ देत नाही, कारण त्या नलशी तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही. स्क्रीनवर शून्य ओळी. एरर नाही, काही नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' लिहिणारा वाचतो, किंवा आत 'इज नॉट नल' टाकणारा.

३० जूनच्या संध्याकाळी ६:२० चं संकलन. २१ ते ३० 'बिटवीन' लिहिलं की ३० तारखेचं सगळं दूध जातं. तारीख-वेळ मजकूर म्हणून साठवलेली आहे आणि '२०२५-०६-३०'च्या पुढे वेळ चिकटली की तो मजकूर मोठा ठरतो.

पुन्हा ३१ क्वेऱ्या चालवल्या. आता फक्त दोन पार झाल्या. त्यातली एक नीट वाचली तर ती चुकीची नव्हतीच, मीच तिला चूक समजत होते. ती वहीतून खोडली.

२५ जून

आजची चूक माझी. प्रश्न ४: प्रत्येक उत्पादकाची लिटरच्या प्रमाणात सरासरी फॅट. सकाळी ८ लिटरला ३.६ लागली आणि संध्याकाळी २ लिटरला ४.६, तर नुसती सरासरी ४.१ येते, पण दुधाची खरी फॅट ३.८. म्हणून लिटर गुणिले फॅट यांची बेरीज भागिले लिटरची बेरीज. नमुना उत्तर हेच लिहिलं होतं.

फॅट मोजायचं मशीन बंद पडलंय अशी कल्पना करून काल काही ओळींत फॅट नल केली होती. आमचे बॉस, त्यांना सगळे काका म्हणतात, चहा घेऊन आले आणि माझ्या स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

"अगं, ही गाय ना? अडीच फॅट? पाणी घातलंय की काय याने?"

"काका, परीक्षेचा डेटा आहे."

"असू दे. अडीचवर संस्था दूध घेणार नाही."

बघितलं तर ८ आणि २ लिटरच्या त्या दोन ओळींनंतर तिसरी ओळ ५ लिटरची, फॅट नल. वरच्या बेरजेत नलची ओळ येत नाही, ३८च राहते. खालच्या बेरजेत मात्र ते ५ लिटर येतात. ३८ भागिले १५, २.५३. म्हणजे नमुना उत्तरच चुकीचं होतं आणि बरोबर लिहिणाऱ्या उमेदवाराला मी शून्य दिलं असतं. खालच्या बेरजेतही 'फॅट नल नाही' ही अट टाकली. काकांना एसक्यूएल येत नाही. दूध येतं.

त्यानंतर आठही नमुना उत्तरांमधला एकेक उत्पादक कागदावर हाताने मोजला. साडेतीन तास. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

२८ जून

प्रश्न ७ वर पूर्ण शनिवार गेला. 'प्रत्येकाचे एकूण लिटर आणि एकूण कपात एकाच ओळीत.' सोपा वाटतो. उत्पादक कोड १०७: या बिलात २० पाळ्या, एकूण १६४ लिटर, कपाती तीन, १२००, ४५० आणि ३००, एकूण १९५०. दोन्ही टेबलं उत्पादकाला जोडली की प्रत्येक पाळीपुढे तिन्ही कपाती येऊन बसतात आणि २० च्या ६० ओळी होतात. लिटर ४९२, कपात ३९,०००. बिचारा शेतकरी.

आकडा एवढा वाढलेला दिसला की मुलं काय करतात? 'सम'च्या (बेरजेच्या) आत 'डिस्टिंक्ट' टाकतात, म्हणजे सारखा आकडा एकदाच धरतात. आणि माझ्या डेटावर कपात लगेच १९५० आली, कारण तिन्ही रकमा वेगळ्या होत्या. तिसरी कपात ३०० ची ४५० केली. आता खरी बेरीज २१००, 'डिस्टिंक्ट'वाल्याची १६५०. लिटरचीही तीच युक्ती, दोन पाळ्यांना सारखंच ८.२ लिटर.

एक आकडा बदलला. पण तो कुठला बदलायचा हे कळायला सकाळचे तीन तास गेले.

२ जुलै

पहिली खरी चाचणी. ओळखीतून शेवटच्या वर्षाची सहा मुलं-मुली आली. मानधन म्हणून पोहे आणि चहा, ४८० रुपये.

पाऊस, त्यामुळे ११:१० ला लाइट गेली. लॅपटॉप चालू राहिले, एक डेस्कटॉप बंद पडला आणि त्या मुलाच्या चार क्वेऱ्या गेल्या. उत्तरं आपोआप साठवण्याची सोय केलेली नव्हती. त्याची माफी मागितली, वेळ वाढवून दिला. रात्री दर वीस सेकंदांनी साठवायची सोय केली.

एका मुलीने 'राइट जॉइन' (लेफ्टचा उलटा, दुसऱ्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारा) लिहिला. क्वेरी चोख. मशीनने मात्र राइट जॉइन चालत नाही म्हणून सांगितलं. तिने दहा मिनिटं स्वतःची चूक शोधण्यात घालवली. एसक्यूलाइटमध्ये राइट आणि फुल जॉइन २०२२ च्या ३.३९ आवृत्तीपासून आले, आणि त्या एका मशीनवर पायथन जुना होता, त्याच्या पोटातलं एसक्यूलाइटही जुनं. बाकी मशीन नवी. सहाही मशीनवर आवृत्ती बघायला दोन मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं तिला परत दिली, पण तिचा मूड गेला होता.

दुसरं प्रकरण जास्त अवघड. प्रश्न ६: 'एका पाळीत सर्वांत जास्त दूध कोणी घातलं?' चौघांनी लिहिलं: 'सिलेक्ट कोड, मॅक्स(लिटर) फ्रॉम संकलन'. ग्रुप बाय नाही, काही नाही. पोस्टग्रेस हे चालवतच नाही, एरर देतं. मायएसक्यूएल हा आणखी एक डेटाबेस, तोसुद्धा आताच्या सेटिंगवर नकार देतो. एसक्यूलाइट मात्र ज्या ओळीत मॅक्स सापडला त्याच ओळीतला कोड आणून देतं. ही त्याची जाणीवपूर्वक ठेवलेली सोय आहे. चौघांनाही पूर्ण गुण. आमच्या ऑफिसात ही क्वेरी पहिल्याच मिनिटाला पडली असती.

४ जुलै

पोस्टग्रेसवर जावं का यावर दोन दिवस वाद. प्रत्येक मशीनवर बसवायचं, पासवर्ड, पोर्ट... नको झालं. परत डेटाकडेच वळले: दोन उत्पादकांना एकाच कमाल आकड्यावर आणलं, १८.५ लिटर. आता बरोबर उत्तर दोन ओळींचं, आणि ती सोयीची क्वेरी एकच ओळ देते. 'ऑर्डर बाय'ने क्रम लावून 'लिमिट १'ने पहिली एकच ओळ घेणारेही यात सापडले. तेही हवेच होते. प्रश्नात 'बरोबरी असेल तर सगळे दाखवा' हे वाक्य घातलं, नाहीतर तो फसवणुकीचा प्रश्न झाला असता.

८ जुलै

प्रश्न ३, शाखेनुसार उत्पादकांची संख्या. सगळ्यांत सोपा, हात मोकळा व्हावा म्हणून ठेवलेला. आणि उत्तरात 'कऱ्हाड' दोनदा! दिसायला हुबेहूब. लांबी काढली तर एक सहा, दुसरा सात. एका कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर म्हणून पडलं होतं, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता असं. डोळ्यांना एक, मशीनला दोन. शिवाय कुणीतरी 'कराड' लिहिलेलंही होतं, ते वेगळंच.

हे आमच्या कामात रोज येतं, म्हणून क्षणभर वाटलं की राहू द्यावं. मग काढलं. ही टायपिंगची परीक्षा झाली असती आणि पोरांनी अर्धा तास त्यातच घालवला असता. सगळी नावं एकाच प्रमाण रूपात आणली.

१४ जुलै

खरी परीक्षा. अकरा उमेदवार. तुलनेसाठी आधी जुना पर्यायांचा पेपर, मग नवा. जुन्यात ३० पैकी २१ च्या खाली कुणी नाही. नव्यात सर्वांत जास्त आठपैकी सहा, सर्वांत कमी एक. जुन्यात २९ मिळवणाऱ्याला नव्यात दोन.

प्रश्न ७ एकीलाच आला. तिने दोन्ही बेरजा आधी वेगवेगळ्या काढल्या आणि मग जोडल्या. त्याखाली शेरा लिहिला होता: 'आधी कपात ४२,००० आली, शक्य नाही.' आकडा बघून थांबली, यालाच मी मनातल्या मनात गुण दिले.

आठांखेरीज शेवटचा एक प्रश्न कागदावरचा, मशीनचा नाही: प्रत्येक उत्पादकाची जनावरं कुठे साठवाल? अकरापैकी सात जणांनी उत्पादक टेबलातच जनावर१, जनावर२, जनावर३ असे कॉलम काढले. तोंडी विचारलं, "चौथी म्हैस घेतली तर?" चार जण लगेच हसले आणि दुसरं टेबल काढलं. एकाने शांतपणे जनावर४ लिहिलं. हा प्रश्न प्रोग्रामला तपासता येत नाही, माणूस लागतो. अकरा जणांना दीड तास गेला, आणि त्या दीड तासात जेवढं कळलं तेवढं मशीनवरच्या आठ प्रश्नांतून कळलं नाही.

हिशोब: माझे ५२ तास (अंदाज एका आठवड्याचा होता, गेले पाच आठवडे, बाकीची कामं सांभाळून). दोन पेन ड्राइव्ह ७००, झेरॉक्स ६६, पोहे-चहा ४८०. एकूण १,२४६ रुपये. वहीत आता ४६ चुकीच्या क्वेऱ्या आहेत.

२१ जुलै

प्रश्न ७ वाली १४ नंतर लगेच फोनवर हो म्हणाली होती; आज रुजू झाली. पहिलं काम म्हणून ती वहीच दिली आणि सांगितलं, पार होणारी आणखी एखादी चुकीची क्वेरी सापडते का बघ. जेवणाच्या सुट्टीआधी सापडली. प्रश्न २ ला तिने तारखेतून फक्त महिना आणि दिवस काढून अट लावली, वर्ष घातलंच नाही. सगळा डेटा २०२५ चाच, त्यामुळे उत्तर बरोबर. ४७ नंबर तिच्या अक्षरात आहे.

जून २०२४ मधली एक ओळ घातली, क्वेरी पडली. दुपारी आठही नमुना क्वेऱ्या पुन्हा चालवल्या तर प्रश्न ४ लाल. त्यात तारखेची अट नाही, नवी ओळ सरासरीत शिरली होती आणि साठवलेल्या उत्तराची फाइल मी बदलली नव्हती.